एसी चालू, पण खोली गरमच? गॅस भरण्याआधी थर्मामीटर, मीटर आणि बादली बघा

आमली (सिल्वासा) : रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या माणसाची रात्र भर दुपारी असते. आमली, पिपरिया, मसाट, रखोली या कारखान्यांच्या पट्ट्यात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. बाहेर एप्रिल-मेचं ऊन, वर तापलेला स्लॅब किंवा पत्रा, आणि संध्याकाळी पुन्हा मशीनवर उभं राहायचं. अशा घरात एसी ही हौस नसते, झोपेची सोय असते. हप्त्यावर घेतलेला तो एसी चालू असूनही खोली गार होत नसेल, तर प्रश्न फक्त घामाचा राहत नाही. अर्धवट झोप झालेला माणूस रात्री मशीनवर जातो.

मग एसीवाल्याला फोन होतो. तो येतो, बाहेरच्या युनिटला गेज लावतो आणि बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळतं : "गॅस संपलाय, भरावा लागेल." पैसे दिले जातात, आठ-पंधरा दिवस बरं वाटतं आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच वाक्य पुन्हा ऐकू येतं. सिल्वासा असो, वापी असो की तलासरी, ही गोष्ट सगळीकडे सारखीच आहे.

यात एक साधी गोष्ट विसरली जाते. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही आणि सिलिंडरसारखा वापरून संपतही नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळला आहे. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा गळणारच. आणि खोली गार न होण्याची निम्म्याहून अधिक कारणं तर गॅसशी संबंधितच नसतात. म्हणून गॅसला हात लावण्याआधी घरच्या घरी काय तपासता येतं, ते क्रमाने समजून घेऊ.

एसी नेमकं काय करतो?

एसी थंड हवा 'तयार' करत नाही. खोलीतली उष्णता उचलून तो बाहेर टाकतो. आतल्या युनिटमधली कॉइल थंड असते. ब्लोअर खोलीची हवा तिच्यावरून फिरवतो, हवा उष्णता कॉइलला देते आणि गार होऊन परत येते. ती उष्णता घेऊन गॅस बाहेरच्या युनिटकडे जातो. तिथे कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो आणखी तापतो आणि बाहेरचा पंखा ती उष्णता हवेत सोडून देतो.

म्हणजे या कामाला चार गोष्टी लागतात : आत हवा नीट फिरली पाहिजे, बाहेर हवा नीट फिरली पाहिजे, वीज पुरेशी मिळाली पाहिजे आणि गॅस पूर्ण असला पाहिजे. चारपैकी पहिल्या तीन गोष्टींची बरीचशी तपासणी घरचा माणूस करू शकतो.

'टन' या शब्दाचाही गोंधळ असतो. तो एसीच्या वजनाचा नाही. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता बाहेर टाकण्याची ताकद म्हणजे एक टन. विजेच्या भाषेत सुमारे साडेतीन किलोवॅट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पहिला पुरावा : थर्मामीटर

"गार वाटत नाही" हे मोजमाप नव्हे. बाजारात मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. दारं-खिडक्या बंद करा, रिमोटवर कूल मोड लावा, तापमान चाचणीपुरतं १६ किंवा १८ वर ठेवा आणि पंखा पूर्ण वेगावर. पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. मग आतल्या युनिटच्या वरच्या बाजूला, जिथून हवा आत ओढली जाते, तिथलं तापमान घ्या. त्यानंतर खाली हवा बाहेर पडते त्या तोंडाशी घ्या.

दोन्हींत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असेल, तर एसी आपलं काम करतो आहे. पावसाळी दमट हवेत हा फरक थोडा कमी दिसतो, तेवढं चालतं. फरक ठीक असूनही खोली गार होत नसेल, तर दोष खोलीत किंवा एसीच्या आकारात शोधायचा. फरक सहाच्या खाली असेल, तर एसीत दोष आहे. आणि फरक खूप मोठा, पण बाहेर पडणारी हवा अगदी मंद असेल, तर जाळी, कॉइल किंवा ब्लोअर तुंबलेला आहे.

दुसरा पुरावा : विजेचं मीटर

प्रत्येक घरात एक तपासयंत्र आधीच लावलेलं आहे, ते म्हणजे विजेचं मीटर. अर्धा तास फ्रिज, गिझर, पंप असं सगळं बंद ठेवा. मीटरचा आकडा दशांशासह लिहून घ्या. एसी पूर्ण ताकदीवर अर्धा तास चालवा आणि पुन्हा आकडा घ्या. आलेल्या फरकाची दुप्पट म्हणजे तासाचे युनिट. आता एसीच्या लेबलवर किती वॅट लिहिले आहेत ते बघा. १५०० वॅट लिहिलं असेल, तर पूर्ण ताकदीवर तासाला दीड युनिटच्या आसपास जायला हवं.

तासाला जेमतेम दहावा हिस्सा युनिट जात असेल, तर कॉम्प्रेसर चालूच झालेला नाही, फक्त आतला पंखा फिरतो आहे. लेबलाएवढी वीज जाते आणि तरी खोली गरम असेल, तर कॉम्प्रेसर राबतो आहे. अशा वेळी बाहेरचं युनिट तुंबलं आहे का, की खोलीच एसीला पेलवत नाही, ते पाहायचं. कॉम्प्रेसरचा आवाज येतो, वीज मात्र लेबलापेक्षा बरीच कमी जाते आणि थर्मामीटरचा फरकही कमी आहे, असं असेल तर मग गॅसचा संशय घ्यायला जागा आहे.

इन्व्हर्टर एसी गरजेप्रमाणे आपला वेग स्वतः कमी-जास्त करतो. त्यामुळे ही चाचणी टर्बो किंवा पूर्ण क्षमतेच्या मोडवर घ्यावी आणि एकट्या मीटरवरून निष्कर्ष काढू नये.

तिसरा पुरावा : ड्रेनखाली बादली

एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी म्हणजे हवेतली वाफ. ती थंड कॉइलवर जमून बाहेर येते. मे-जूनच्या दमट हवेत ड्रेनच्या नळीखाली बादली ठेवा. पाण्याची धार सतत येत असेल, तर कॉइल नीट थंड होते आहे, म्हणजे गॅस बहुधा पुरेसा आहे. हवा दमट असूनही तासाभरात थेंबही पडला नाही, तर दोन शक्यता : कॉइल थंडच होत नाही, किंवा नळी तुंबून पाणी आत साठतं आहे. दुसऱ्या प्रकारात ते लवकरच भिंतीवर ओघळेल.

हे पाणी आणखी एक गोष्ट सांगतं. एक लिटर वाफेचं पाणी करायला सुमारे २४५० किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. एक टनाच्या एसीची जवळपास बारा मिनिटांची सगळी ताकद त्यातच जाते. दमणगंगेच्या खोऱ्यात पावसाच्या तोंडावर हवा जड होते, तेव्हा एसीची बरीच शक्ती हवा गार करण्याऐवजी सुकवण्यात खर्च होते. म्हणूनच मार्चमध्ये समाधानकारक वाटलेला एसी जूनच्या पहिल्या आठवड्यात 'बिघडल्यासारखा' वाटतो. तो बिघडलेला असेलच असं नाही.

सगळ्यात आधी रिमोट

कारागिराला बोलावण्याआधी रिमोट नीट बघा. यात लाजण्यासारखं काही नाही. पोराने खेळता खेळता फॅन किंवा ड्राय मोड लावलेला असतो. बऱ्याच नव्या एसींत 'कन्व्हर्टिबल' सोय असते. त्यात क्षमता ४० किंवा ६० टक्क्यांवर आणता येते. हिवाळ्यात वीज वाचवायला ती लावली आणि उन्हाळ्यात काढायचं राहून गेलं, तर दीड टनाचा एसी पाऊण टनाचं काम करतो. स्लीप मोड दर तासाला तापमान हळूहळू वर नेतो. तो रात्री झोपणाऱ्यांसाठी आहे. दिवसा झोपणाऱ्याला भर उन्हात त्याचा त्रासच होतो.

१६ वर लावल्याने जुन्या, साध्या एसीत खोली लवकर गार होत नाही. त्याचा कॉम्प्रेसर एकतर चालू असतो किंवा बंद, मधलं काही नसतं. १६ लावलं काय आणि २४ लावलं काय, गार करण्याचा वेग तोच. फरक इतकाच की १६ ला तो थांबायचं नाव घेत नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एक अंशाने वर ठेवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे नवे एसी सुरू होताना आपोआप २४ वर येतात, ते याचसाठी. २५-२६ वर एसी आणि सोबत छताचा पंखा मंद, एवढ्यात बहुतेकांना झोप लागते.

जाळी, कॉइल आणि ब्लोअर

आतल्या युनिटचं झाकण उचललं की दोन जाळ्या दिसतात. ट्रकची वर्दळ, बांधकामाची माती आणि कारखान्यांची धूळ असलेल्या भागात उन्हाळाभर दर पंधरा दिवसांनी त्या धुवायला हव्यात. मुख्य स्विच बंद करा, जाळी काढा, नळाखाली उलट बाजूने पाणी सोडा, सावलीत सुकवा आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच परत बसवा. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं.

जाळी स्वच्छ आहे, तरी हवा मंद येते? मग टॉर्च मारून आत बघा. लांब गोल ब्लोअरच्या पात्यांवर काळा थर चढलेला असतो. पाती भरली की ती हवा उचलतच नाहीत. ही सफाई मात्र कारागिराचं काम आहे. प्रेशरने पाणी मारून धुताना एक चूक होते : कॉइलजवळ क्लिपमध्ये बसवलेला खोलीचं तापमान मोजणारा छोटा सेन्सर निसटतो आणि थंड कॉइलला चिकटून राहतो. मग एसीला वाटतं खोली गार झाली, आणि तो कॉम्प्रेसर बंद करतो. "सर्व्हिसिंग केल्यापासूनच गार होत नाही" अशी तक्रार असेल, तर गॅसच्या आधी हा सेन्सर बघायला सांगा.

कॉइलवर बर्फ जमला असेल, तर लोकांना वाटतं एसी जोरात गार करतोय. खरं तर बर्फ ही आजाराची खूण आहे. हवा कमी फिरली तरी बर्फ जमतो आणि गॅस कमी झाला तरी जमतो. एसी बंद करा किंवा फक्त फॅन मोडवर तासभर चालवून बर्फ वितळू द्या. जाळी धुवा, पुन्हा सुरू करा. बर्फ परत आला नाही, तर दोष जाळीचा होता. परत आला, तर कारागीर बोलवा. बर्फ चाकूने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका. कॉइलला भोक पडलं की खरोखरच गॅस जाईल.

बाहेरच्या युनिटचा श्वास

खोलीतून काढलेली सगळी उष्णता बाहेरच्या युनिटला सोडायची असते. तिथे अडथळा आला की आतली थंडी कमी होते आणि बिल वाढतं. इमारतींच्या अरुंद डक्टमध्ये समोरासमोर लावलेली युनिटं एकमेकांची गरम हवा गिळत बसतात. कुठे बाल्कनीला काच लावून युनिट आतच कोंडलेलं असतं. कुठे त्यावर कपडे वाळत घातलेले, कुठे पुढे गोणी आणि सायकल. युनिटच्या मागे साधारण वीतभर आणि पुढे दोन-अडीच फूट जागा मोकळी हवी. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. वरून सावली चालेल, पण चारी बाजूंनी आडोसा नको.

मागच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत धूळ, पिसं, तंतू अडकतात. तळमजल्यावर किंवा गच्चीवर हात सुरक्षित पोहोचत असेल, तर वीज बंद करून साध्या नळाच्या धारेने त्या धुता येतात. गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाने पट्ट्या वाकतात, तो वापरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर खिडकीतून लटकून हे काम करायचं नाही. सेफ्टी बेल्ट न लावता चढणाऱ्या कारागिरालाही करू द्यायचं नाही.

एसी सुरू असताना बाहेरचा पंखा फिरतो का, तेही बघा. पंखा बंद आणि युनिट गरम असेल, तर एसी लगेच बंद करा. इन्व्हर्टर एसीत बाहेरच्या सर्किट बोर्डावर पाल किंवा मुंग्या शिरून बिघाड होणं हेही आपल्याकडे नवीन नाही. डिस्प्लेवर एखादा कोड लुकलुकत असेल, तर त्याचा फोटो काढून ठेवा. कोडचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तो मॅन्युअलमध्ये सापडतो.

वीज कमी पडते तेव्हा

साध्या एसीत कॉम्प्रेसर सुरू होताना घूं-घूं आवाज येतो, काही सेकंदांत 'टक' होऊन थांबतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. याची नेहमीची दोन कारणं : व्होल्टेज कमी, किंवा कॅपॅसिटर थकलेला. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा धरलेला असतो. तो २०० च्या खाली घसरला की साध्या कॉम्प्रेसरला उठणं जड जातं. स्टॅबिलायझरवरचा आकडा दुपारी आणि रात्री, दोन्ही वेळा लिहून ठेवा. इन्व्हर्टर एसी किती व्होल्टपर्यंत तग धरतो, ते त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं.

कॅपॅसिटर हा स्वस्त सुटा भाग आहे आणि तो बदलल्यावर 'गॅस संपलेला' एसी पुन्हा गार करू लागल्याची उदाहरणं एसीवाले स्वतःच सांगतात. पण तो घरी उघडू नका. वीज बंद केल्यावरही त्यात भार साठून राहतो आणि जोराचा झटका बसतो.

व्होल्टेज रोजच कमी मिळत असेल, तर दोष एसीचा नाही. दादरा नगर हवेलीत १ एप्रिल २०२२ पासून वीज वितरण टॉरेंट पॉवरचा मोठा हिस्सा असलेल्या कंपनीकडे आहे, तलासरी-जव्हारकडे महावितरण, तर वापी-वलसाडकडे दक्षिण गुजरात वीज कंपनी. लेखी तक्रार करताना तारीख, वेळ आणि व्होल्टेजचा आकडा द्या. "लाइट डिम येते" एवढ्या तक्रारीने काम हलत नाही.

खोलीच जास्त तापते आहे का?

एसीची लेबलवरची क्षमता बाहेर ३५ आणि आत २७ अंश असताना मोजलेली असते. बाहेर ४० अंश असेल, तर तोच एसी त्याहून कमी उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे नेमकी जेव्हा गरज जास्त, तेव्हा ताकद कमी. रात्रपाळीवाल्याची झोप याच तासांत येते.

आता वरचा साडेतीन किलोवॅटचा आकडा आठवा. एका खोलीच्या घरात एसी चालू ठेवून शेगडीचा मोठा बर्नर लावला, तर तो सुमारे दोन किलोवॅट उष्णता त्याच हवेत सोडतो. एक टनाच्या एसीची निम्म्याहून जास्त ताकद पोळ्या होईपर्यंत तिथेच संपली. बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता देतो, चार जण म्हणजे ४००. शिवाय एक्झॉस्ट फॅन चालू राहिला, तर पैसे मोजून गार केलेली हवाच तो बाहेर फेकतो.

मधल्या मजल्यावर १००-१२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन आणि १५०-१८० ला दीड टन पुरतो, असा ढोबळ हिशेब आहे. वर उघडा स्लॅब किंवा पत्रा असेल, पश्चिमेला खिडकी असेल, तर हा हिशेब कोलमडतो. स्लॅब दुपारभर तापतो आणि संध्याकाळी उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परावर्तित करणारा रंग, पत्र्याखाली फॉल्स सीलिंग, खिडकीला जाड पडदा आणि दाराखालच्या फटीला पट्टी, हे उपाय एकदाच करायचे असतात. भाड्याच्या खोलीत निदान पडदा आणि पट्टी तरी होते.

गॅसच कमी असेल तर

वरचं सगळं तपासून झालं आणि तिन्ही पुरावे गॅसकडेच बोट दाखवत असतील, तर आणखी खुणा बघा. बाहेरच्या युनिटला जोडलेल्या दोन तांब्याच्या नळ्यांपैकी जाड नळी थंड आणि घामेजलेली असायला हवी. जाड नळी कोरडी, कोमट आणि बारीक नळीवर बर्फ, अशी स्थिती असेल, तर गॅस कमी असण्याची किंवा कुठे तरी चोक झाल्याची शक्यता मोठी. नळीच्या जोडावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला, तर गळती बहुधा तिथेच आहे. कारण गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं.

कारागिराकडून काम याच क्रमाने करून घ्या :

१. आधी गळती शोधायची. जोडांवर साबणाचं पाणी लावून, आणि सापडली नाही तर नायट्रोजनचा दाब देऊन. दाब देण्यासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही नाही. कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

२. गळती बंद केल्यावर व्हॅक्युम पंप लावून नळीतली हवा आणि ओल काढायची. हवा आत राहिली तर एसी गार कमी करतो आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं.

३. गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. किती ग्रॅम हवा, ते बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. बऱ्याच दीड टनी एसींत तो किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. नुसत्या गेजवर अंदाजाने भरलेला गॅस कमी पडतो किंवा जास्त होतो, आणि जास्त झाला तरीही एसी नीट गार करत नाही.

४. पट्टीवर जो गॅस लिहिला आहे, तोच भरायचा. जुन्या एसींत आर-२२, नंतरच्यांत आर-४१०ए, आता बहुतेकांत आर-३२ असतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. काही एसींत असणारा आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच, तो सहज पेटतो. हे काम चालू असताना खोलीत शेगडी, अगरबत्ती, विडी-सिगारेट बंद, खिडक्या उघड्या.

उरलेला गॅस हवेत सोडून देणं ही वाईट सवय आहे. आर-४१०ए हवेला तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २००० पट, तर आर-३२ सुमारे ६७५ पट आहे.

बिल घ्या, मग ते साधं का असेना

सरहद्दीवर राहणाऱ्यांचा एक वेगळा घोळ असतो. एसी वापीत घेतलेला, घर आमलीत, कारागीर तलासरीकडचा. काही बिनसलं तर दाद कुठे मागायची? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दुकान दुसऱ्या राज्यात आहे म्हणून तिकडे फेऱ्या मारण्याची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर बोलून बघता येतं. तिथे मराठी आणि गुजरातीचीही सोय आहे.

यासाठी हातात कागद लागतो. "बिल घेतलं तर जीएसटी लागेल" असं सांगून ते टाळलं जातं. पण फक्त सेवा देणाऱ्या, वर्षाला वीस लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या छोट्या कारागिराला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. तो जीएसटी न लावता सहीचं साधं बिल देऊ शकतो. त्यावर पाच गोष्टी लिहून घ्या : गळती कुठे सापडली, कोणता गॅस, किती ग्रॅम, किती दिवसांची हमी, आणि काम झाल्यावर थर्मामीटरवर किती फरक आला. शेवटची गोष्ट त्याच्यासमोर मोजा. एसी वॉरंटीत असेल, तर बाहेरच्या कारागिराला हात लावू देण्याआधी कंपनीच्या सेंटरला फोन करा, नाहीतर वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं.

कधी थांबायचं?

जळका वास, प्लगवर काळा डाग, स्विच पुन्हा पुन्हा पडणं, बाहेरच्या युनिटमधून खडखडाट किंवा ठिणग्या, यांपैकी काहीही दिसलं तर तपासणी वगैरे काही नाही. एमसीबी खाली करा आणि कारागीर येईपर्यंत एसी सुरू करू नका. एसीला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर एसी चालवायचा नाही.

बाकी वेळी क्रम साधा आहे. आधी रिमोट, मग जाळी, मग बाहेरचं युनिट, मग व्होल्टेज, मग खोली, आणि शेवटी गॅस. उन्हाचा कडाका सुरू होण्याआधी, फेब्रुवारीच्या शेवटी एखाद्या सुट्टीच्या दिवशी ही तपासणी केली, तर कारागीरही सवडीने मिळतो. थर्मामीटरचा फरक, तासाचे युनिट आणि तारीख एका कागदावर लिहून तो एसीशेजारी भिंतीवर चिकटवून ठेवा. पुढच्या मे महिन्यात कुणी "गॅस संपलाय" म्हणालं, की आधी त्या कागदाकडे बघता येईल.